सोलापुरी चादरीत गुंडाळलेली जपानी मेमरी

लोक ॲरिझोनाला ग्रँड कॅनियन बघायला जातात. मी एका कंपनीची लॉबी बघायला गेले. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून निघाले, दोन दिवस गाडी हाकली, शेजारच्या सीटवर बोकारेकाका आणि मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसवलेलं सोलापुरी चादरीचं एक गाठोडं. कोणाच्या मनात अशी सहल असेल तर त्यांनी हे आधी वाचावं आणि मग हॉटेलचं बुकिंग करावं. रद्द करता येईल असंच करावं.

बोकारेकाका आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नागपूरचे, जन्मभर मेमरी चिपची डिझाइनं केली, आता निवृत्त. काकू गेल्यापासून एकटेच होते, म्हणून त्यांच्या मुलीने, नेहाने, त्यांना शिकागोजवळ शॉमबर्गला स्वतःकडे न्यायचं ठरवलं. घर आवरायला घेतलं. सोफा गेला, भांडीकुंडी महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी नेली आणि सगळं घोडं अडलं एका फ्रेमपाशी. फ्रेममध्ये ताटाएवढी चकचकीत तबकडी, म्हणजे वेफर. एकाच चिपच्या शेकडो प्रती तिच्यावर छापलेल्या असतात, त्या कापून कॉम्प्युटरची मेमरी तयार होते. तबकडीच्या खाली सूक्ष्मदर्शकातून काढलेला तळहाताएवढा एक काळापांढरा फोटो. नेहाने व्हिडिओ कॉलवर ती बघितली आणि म्हणाली, "बाबा, प्लीज! माझ्याकडे वॉल स्पेसच नाहीये. अँड इट्स बेसिकली अ प्लेट."

काकांनी कॉल बंद केला. पण दुसऱ्या दिवशी माझं दार वाजलं.

ज्या जपानी कंपनीच्या सांता क्लारातल्या ऑफिसात काकांनी उमेदीची वर्षं घातली, ती कंपनी आता नाही. एका अमेरिकन कंपनीने ती गिळली, ढेकरही दिला नाही. या अमेरिकन कंपनीने फीनिक्सजवळच्या मुख्य ऑफिसच्या लॉबीत 'वारसा दालन' उघडलंय, असं काकांच्या वाचनात आलं होतं. फ्रेम तिथे नेऊन द्यायची, असा त्यांचा बेत. मी म्हटलं, कुरिअर करा. "रस्त्यात फुटली त कोन भरून देईल?" काका म्हणाले. एवढ्या लांब गाडी चालवणं त्यांना आता झेपत नाही. माझी स्वतःची कंपनीही नुकतीच तिसऱ्याच कोणीतरी विकत घेतली होती. कोणाला काम काय ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे रजा मागितल्याबरोबर मिळाली. कपाळावर आठ्या घालून मी हो म्हटलं.

पहिला टप्पा १०१ नंबरच्या हायवेने दक्षिणेला, गिलरॉयपर्यंत. हे लसणाचं गाव. काचा बंद असल्या तरी वास आत येतोच. रस्त्याकडेच्या दुकानांत लसणाच्या माळा, लसणाचं लोणचं आणि लसणाचं आइस्क्रीमही मिळतं. आइस्क्रीम मी खाल्लं. तुम्ही खाऊ नका.

तिथून १५२ चा घाट ओलांडून आय-फाइव्हला लागलं की पुढे बघण्यासारखं काही नाही. बदामाच्या बागा, कालवे, पाणी द्या म्हणून सरकारला शिव्या घालणारे फलक आणि कोलिंगापाशी हजारो गुरांचा एकवटलेला वास. इथे एसीचं बटण आतल्या हवेवर ठेवावं. करमणूक म्हणून माझ्या वाट्याला जपानी मेमरीचा इतिहास आला.

तो असा. जपानमधल्या दोन बड्या कंपन्यांना मेमरीच्या धंद्यात मार बसायला लागला. एकेकाळी यांनीच अमेरिकनांना रडवलं होतं, आता कोरियन यांना रडवत होते. मग दोघींनी आपापली मेमरीची खाती काढली आणि एकत्र करून नवी कंपनी उभी केली. दोन घरांनी आपली न कमावती पोरं एका खोलीत कोंडून, करा आता संसार म्हणावं, तसं. पुढे तिसऱ्या एका कंपनीनेही आपलं खातं त्यातच आणून टाकलं.

"जमायचं का त्यांचं?" मी विचारलं.

"कुठचं! जेवाले बसत तरी या कंपनीचे इकडे अन् त्या कंपनीचे तिकडे," काका म्हणाले. "तीन-तीन मीटिंगा होत. पहिल्या मीटिंगमध्ये दुसऱ्या मीटिंगमध्ये काय बोलायचं ते ठरे."

मग मेमरीचे भाव पडले, येन चढला, सरकारने कर्ज दिलं, बँकांनी कर्ज दिलं आणि शेवटी सगळे मिळून कोर्टाची पायरी चढले. दिवाळं निघालं. अमेरिकन कंपनी थैली घेऊन दारात उभीच होती. या सगळ्या काळात काकांच्या गळ्यातला बॅज बदलत गेला आणि खुर्ची तीच राहिली. जग चालवणारी माणसं फार हुशार असतात असं मला लहानपणी वाटायचं.

बटनविलोला ट्रकवाल्यांसाठी पंजाब्यांनी काढलेला ढाबा आहे. आय-फाइव्हवरची ही एकमेव गोष्ट मी मनापासून सुचवेन. आलू पराठा, दही आणि कडक चहा, आणि दोघांचं मिळून बिल सनीव्हेलमधल्या एका फॅन्सी कॉफीपेक्षा फार जास्त नाही. इथे काकांनी मला फ्रेममधल्या त्या काळ्यापांढऱ्या फोटोची गोष्ट सांगितली.

चिपच्या एखाद्या कोपऱ्यात जागा रिकामी उरते. तिथे डिझाइन करणाऱ्यांनी गुपचूप एखादं चित्र कोरायचं, ही या धंद्यातली जुनी रीत. कोणी कुत्रा काढतो, कोणी जहाज. डोळ्यांना दिसत नाही, चिपच्या कामात अडथळा येत नाही आणि साहेब लोक काणाडोळा करतात. काकांची चिप पुरी होत आली तेव्हा गणपती होते. काकू रत्नागिरीच्या, त्यांनी ओकाझाकी-सान नावाच्या जपानी साहेबांना घरी जेवायला बोलावलं आणि उकडीचे मोदक वाढले. साहेबांनी एक मोदक हातात धरून बराच वेळ निरखला. त्यांच्याकडे चेस्टनटचा गोळा फडक्यात पिळून अगदी असाच दिसणारा गोड पदार्थ करतात म्हणे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते काकांना म्हणाले, "कोपरा अजून रिकामा आहे. मी आज लवकर घरी जातोय."

"म्हणून मी मोदक काढला," काका म्हणाले. "फोटो दाखवला त ही म्हणे, कळ्या नीट नाही पडल्या. मी म्हटलं, आता साचा बनून राहिला, आता काही होत नाही."

आणि हसता हसता काकांनी चष्मा पुसायला काढला. मी दुसरा चहा सांगितला, कारण दुसरं काय करावं ते मला कळलं नाही.

मुक्काम बार्स्टोला. मोटेल पटेलांचं, टॉवेल स्वच्छ, नाश्त्याला स्वतःच करून घ्यायचा वॉफल. बार्स्टोबद्दल आणखी लिहिण्यासारखं बार्स्टोकडेच काही नाही. सकाळी आय-फोर्टीने मोहावीचं वाळवंट पार करा, पाण्याच्या बाटल्या भरपूर ठेवा आणि पेट्रोल काहीही झालं तरी नीडल्सला भरू नका. तिथले पंप अडलेल्या माणसाची अक्षरशः सालं काढतात. कोलोराडो नदी ओलांडून ॲरिझोनात गेलात की भाव लगेच माणसात येतो.

दुपारी फीनिक्स. बाहेर भट्टी, लॉबीत हिमालय. वारसा दालन बघायला पैसे पडत नाहीत. पण नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं, गळ्यात पाहुण्याचा बॅज घालावा लागतो आणि बाहेरचा रस्ता दुकानातून जातो. कायला नावाची हसरी मुलगी आम्हाला फिरवायला आली. दालन म्हणजे एक लांबलचक भिंत. संस्थापकाचं गॅरेज, संस्थापकाचं टेबल, संस्थापकाचा कुत्रा. कुत्र्याला अख्खा फलक होता. काकांच्या जपानी कंपनीला एक बाण होता, त्याच्यावर लिहिलं होतं, 'आशियात विस्तार'. तीन कंपन्या, एक सरकार, एक दिवाळं आणि हजारो माणसं एका बाणात बसवली होती. जागा लहान, पण टापटीप.

काका बाणापाशी थांबलेच नाहीत. ते सरळ पुढे गेले, कारण भिंतीच्या टोकाला दारापेक्षा उंच असा एका चिपचा फोटो होता. वर या कंपनीचा लोगो. खाली उजव्या कोपऱ्यात, माझ्या डोक्याएवढा, कळ्या नीट न पडलेला मोदक.

"लोगो वरच्या थरात असते," काका माझ्या कानात म्हणाले. "तो बदलला यांनी. मोदक खालच्या थरात आहे. चालत्या चिपच्या खालच्या थराले कोनी हात लावत नाही."

कायला टाळ्या वाजवत आली. "ओह, तुम्हाला द गार्लिक सापडला! आमच्या इंजिनिअर्सची गंमत! सगळ्यांना तो इतका आवडतो!"

"गार्लिक?" काका म्हणाले.

लसूण! ज्या नैवेद्याच्या स्वयंपाकात लसणाची पाकळी चुकून पडली तर अख्खं पातेलं बाजूला ठेवतात, त्या नैवेद्याच्या मोदकाला लसूण! दुकानात त्याचे मगही होते आणि फ्रिजवर लावायचे मॅग्नेटही. मला हसू आलं आणि लगेच संताप आला. संताप जास्त वेळ टिकला.

काकांनी शांतपणे गाठोडं सोडलं, फ्रेम काढली आणि कायलाला सगळं सांगितलं. ती मी काढलेली चिप, तो मोदक, ते आमचं ऑफिस, ही तुम्हाला भेट. मुलगी वाईट नव्हती. तिचे डोळे मोठे झाले, तिने आत फोन लावला आणि सूट घातलेला एक गृहस्थ खाली आला. त्याने फ्रेम बघितली, काकांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला, "ही परत आणून दिल्याबद्दल कंपनी तुमची आभारी आहे."

"परत नाही," काका म्हणाले. "मी भेट देतोय."

गृहस्थांनी गोड आवाजात समजावलं. ती जपानी कंपनी विकत घेतली तेव्हा तिची सगळी मालमत्ता यांची झाली. वेफरही त्यातच आला. तेव्हा आमचीच वस्तू तुम्ही आम्हाला भेट कशी देणार? परत करताय, एवढी एक सही केलीत की लगेच भिंतीवर लावू. अगदी त्या फोटोखाली, काचेत.

हे मात्र काकांना हवं होतं. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. शॉमबर्गला खिळा नाही, सनीव्हेलचं घर रिकामं, आणि इथे काच, दिवा, भिंत. मी मध्ये पडले नाही, कारण वस्तू माझी नव्हती.

"खाली काय लिहाल?" काकांनी विचारलं.

"मजकूर ब्रँडचे लोक ठरवतात."

"मोदक लिहाल? अन् कुठच्या ऑफिसात झाली ते?"

"द गार्लिक आता लोकांच्या तोंडी बसलंय," गृहस्थ म्हणाले. खरोखर दिलगीर दिसत होते. अशी माणसं दिलगीर दिसण्याचाच पगार घेतात.

काकांनी पेन टेबलावर ठेवलं, फ्रेम पुन्हा चादरीत गुंडाळली आणि गाठ मारली. "मी द्यायला आलो होतो," ते म्हणाले, "परत करायला नाही." मग मराठीत मला, "चाल पोरी. पेट्रोल इथंच भरून घे."

तो गृहस्थ पुढे झाला आणि थांबला. एका म्हाताऱ्याच्या हातून सोलापुरी चादर कशी हिसकावतात, हे त्याच्या नियमांत नसावं. दुकानातून बाहेर पडताना मी मॅग्नेटांचा अख्खा स्टँड चुकून कोपराने पाडला. चुकूनच.

परतीचा रस्ता तोच, वास तेच. काका बार्स्टोपर्यंत झोपले. घरी आल्यावर मी नवऱ्याला हॉलमध्ये खिळा ठोकायला लावला. जाताना मी काकांना विचारलं होतं, की या ताटाचं एवढं काय कौतुक. त्या ताटासाठी मी आमच्या लग्नाचा फोटो बेडरूममध्ये हलवला. पुढच्या आठवड्यात काका शॉमबर्गला गेले. सामान दोन बॅगा.

काय उरलं म्हणाल, तर ॲरिझोनाचं काहीच नाही. तिकडे फिरायला जाणार असाल तर कॅनियन बघा, लॉबी टाळा. पण गणपतीत आमच्याकडे मंडळाचे लोक जेवायला होते. काका व्हिडिओ कॉलवर होते, फोन फ्रेमसमोरच टेकवून ठेवला होता. नुकताच फीनिक्सहून बदलून आलेला, त्याच कंपनीतला एक मुलगा ताट घेऊन भिंतीशी आला आणि ओरडला, "अरे यार, द गार्लिक! तुमच्याकडे पण आहे?"

फोनवर काकांचा चेहरा हलला नाही. ते फक्त माझ्याकडे बघत राहिले.

"मोदक आहे तो," मी म्हटलं. "बोकारेकाकांनी काढलाय. सांता क्लाराला."

"नाही हो ताई, ऑफिशिअली तो..."

मी त्याच्या ताटातले दोन्ही मोदक उचलून घेतले. त्या दिवशी घरात लसूण नव्हता, नाहीतर त्यांच्या जागी तोच वाढला असता.