दिवसाचा शेवटचा नमुना

जळगावातल्या एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेला मी नोंदींचा प्रोग्राम करून दिला होता, नव्वदीच्या शेवटीशेवटी. सी प्लस प्लस नुकतंच शिकलो होतो आणि अंगात मस्ती भारी. त्यात डिस्ट्रक्टर नावाची एक सोय असते. ऑब्जेक्टचं, म्हणजे प्रोग्राममधल्या एखाद्या घटकाचं, जसा नोंदीचा फॉर्म, काम संपलं की तो जाता जाता आपली आवराआवर आपणच करतो. म्हटलं, मग नोंद डिस्कवर लिहायचं कामही त्याच्याच गळ्यात घालू. फॉर्म संपला की नोंद आपोआप लिहिली जाणार. ही हुशारी होती की आगाऊपणा, ते आता मला विचारू नका.

महिन्याभरात बोंब सुरू झाली. रोजचा शेवटचा नमुना नोंदींतून गायब. धरणगावचे एक आबा रिपोर्टसाठी दुसऱ्यांदा हेलपाटा घालून आले, काउंटरवर पिशवी आपटली आणि म्हणाले, "मनी माती कोठे शे?" त्यांची माती कुठे आहे ते काय सांगणार, कपाळ?

नोंदी करणाऱ्या अक्का नशिराबादहून बसने यायच्या. संध्याकाळची बस चुकली की तासभर खोळंबा, म्हणून निघताना त्यांची घाई असायची. झालं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी ठरवूनच टाकलं, ही बाई शेवटची नोंद न करताच पळते. "साहेब, मी नोंद करूनच उठते," अक्का परत परत सांगत होत्या. मी प्रोग्राम दोनदा चालवून दाखवला. दोन्ही वेळा शेवटची नोंद जागच्या जागी. माझ्या शब्दावर अक्कांना मेमो मिळाला: पुन्हा असं घडलं तर कामावरून कमी करू.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, आज निघताना माझ्या शेजारी बसा."

बसलो. त्यांनी शेवटचा फॉर्म भरला आणि थेट एफ-टेन दाबून प्रोग्राम बंद केला. नोंद गेली. मी डोक्याला हात लावला. ती कळ मीच दिली होती, त्यांची बस चुकू नये म्हणून. मी स्वतः मात्र नेहमी मागे मागे येत मुख्य मेनूतून बाहेर पडायचो. तसं केलं की, किंवा पुढचा फॉर्म उघडला की, आधीचा फॉर्म रीतसर संपतो, नोंद लिहिली जाते. कळ दाबली की अख्खा प्रोग्राम तिथल्या तिथे उठून जातो, उघड्या फॉर्मची आवराआवर होतच नाही. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पण वाचतो कोण.

साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं. अक्का दारात उभ्या होत्या. साहेब हसले. "अहो, होतं असं. नवीन काम आहे. बसा, चहा घ्या." चहा एकच आला. मी तो प्यायलोसुद्धा.

बाहेर आल्यावर म्हटलं, "अक्का, चूक माझी होती. उद्याच दुरुस्त करतो."

"करा," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या मेमोचं काय बोलले साहेब?"

मी विचारलंच नव्हतं.