वरच्या पाळण्यातली कमलाक्षी

सातवा महिना लागलेली बाई जत्रेच्या आकाशपाळण्यात बसली, याबद्दल आमच्या गावात अजून बोलतात. बोलू देत. त्या पाळण्यात तिच्या शेजारी मी बसले होते, तेव्हा मला कोणी शिकवायला येऊ नये. कमलाक्षी माझी वहिनी, थोरल्या भावाची, मधुकरची बायको. तिच्याइतकी हट्टी, तोंडाळ आणि चटकन हात उचलणारी बाई सगळ्या पेडणे तालुक्यात दुसरी नसेल. लग्न होऊन आली त्याच महिन्यात पाववाल्या पोदेराने शिळे पाव दिले, म्हणून तिने त्याच्या सायकलचा भोंगा उपटून घरात ठेवला. दुसऱ्या दिवशी ताजे पाव आले तेव्हाच त्याला तो परत मिळाला.

माहेर तिचं गावातच. आम्ही वरच्या वाड्यावरचे, ती खालच्या वाड्यावरची. तिचा एकुलता भाऊ सगुण हा मधुकरचा शाळेपासूनचा मित्र, आणि स्थळही त्यानेच आणलेलं. दोघे एकाच मोटरसायकलवरून डिचोलीला खाणीवरच्या वर्कशॉपात कामाला जायचे आणि संध्याकाळी तांबड्या धुळीने माखून परत यायचे. दाराशी आल्यावर कोण कोणता हे आवाज ऐकूनच कळायचं.

लग्नानंतर दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा गर्भ पडला. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा माझ्या आईने तिला उंबऱ्याच्या आतच डांबलं. विहिरीवर नको, नदीपलीकडे नको, तिन्हीसांजेला अंगणात नको. कमलाक्षीने हे सगळं ऐकून घेतलं, याचंच मला नवल वाटत होतं. पण जत्रेत पाळणा आल्याचं कळलं आणि तिचा संयम संपला.

"आई, माका त्या पाळण्यात बसाचां आसा," ती म्हणाली.

"पिशी झालस गो? ह्या पोटान?" आईने कपाळावर हात मारला.

"डोहाळजेवणाक झोपाळ्यार बसयतत मा? ह्यो झोपाळो मातसो उंच."

डोहाळा मारला तर पोराच्या तोंडातून लाळ गळते, हे आईच आम्हाला सांगत आली होती. मग, ताराला बरोबर ने, एवढ्यावर तिने माघार घेतली. तारा म्हणजे मी.

ती गोवा राज्य झालं त्या वर्षीची जत्रा. आदल्या वर्षी ऐन जत्रेच्या दिवसांत भाषेचं आंदोलन पेटलेलं, रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, सगळं बंद. आमची पालखी देवळाबाहेर निघालीच नाही. आता पालखीचा पुढचा खांदा एक वर्ष वरच्या वाड्याचा आणि एक वर्ष खालच्या, अशी जुनी पद्धत. त्या बंद पडलेल्या वर्षी पाळी खालच्यांची होती. ते म्हणाले, पालखी निघालीच नाही, म्हणजे आमची पाळी अजून बाकी. आमचे म्हणाले, वर्ष गेलं तशी पाळीही गेली. कौल मागायला देवाला पाकळ्यांचा प्रसाद लावला, तर पडलेली पाकळी कुणाच्या बाजूची यावरून बाप्ये एकमेकांच्या अंगावर गेले. आंदोलनात हातात घेतलेले दांडे अजून दारांमागे उभे होते. ते ठेवून द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आमच्या बाजूला सगळ्यात मोठा आवाज मधुकरचा, त्यांच्या बाजूला सगुणचा. खाणीवर दोघे अजून एकाच गाडीवरून जात, पण वाटेत बोलत नसत. कमलाक्षीने जत्रेच्या सकाळी दोघांना आमच्या पडवीवर बोलावलं आणि उभं करून सुनावलं.

"ह्या पोराक बापूस होयो आणि मामाय होयो. पालखी गेली खड्ड्यात. तुमच्यातलो एक जरी उणो झालो, तर दुसऱ्यान माका तोंड दाखवू नये."

मधुकर हसला. सगुणने मान खाली घातली आणि चहा न घेता गेला.

देवळात माहेरच्या बायकांनी तिची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. आमच्याकडे ओटी वाटेत कुठे खाली टेकवत नाहीत, तशीच घरी आणून देवासमोर ठेवतात. म्हणून तो नारळ पदरात घेऊनच ती जत्राभर फिरली. आणि कसली फिरली! हिरव्या बांगड्या भरल्या, मग आवडल्या म्हणून अजून भरल्या. खाजें खाल्लं, भजी खाल्ली, मौत का कुआँमध्ये मोटरसायकलवाल्याने हात सोडले तेव्हा शिट्टी मारली. सातव्या महिन्यातल्या बाईची शिट्टी ऐकून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं, तर तिने त्याच्याकडे बघून पुन्हा मारली. विमान रंगवलेल्या पडद्यासमोर उभी राहून फोटो काढला. मी तिला इतकी खुशीत कधीच पाहिली नव्हती, आणि नंतरही पाहिली नाही.

पाळण्यात बसलो तेव्हा उन्हं कलली होती. पाळणा काही फार मोठा नव्हता, पण वर गेलं की माडांच्या पलीकडे खाडी दिसायची. कमलाक्षी पोटावर हात ठेवून आतल्या पोराला सगळं दाखवत होती. "ती बघ खाडी. तां आमचां घर. तो बघ तुझ्या मामाचो माड."

तेवढ्यात देवळाकडून ढोल एकदम थांबला.

पालखी दारात आली होती. पुढच्या दांड्याला दोन्ही वाड्यांचे हात एकदम लागले आणि पालखी तिरकी झाली. देव पडला की नाही हे वरून दिसलं नाही, पण ओरडा झाला. मग दांडे निघाले. पहिला मार कुणी मारला ते आजही दोन्ही वाडे वेगवेगळं सांगतात. मी एवढंच पाहिलं, की पालखीपाशी उभ्या बाबली गावकराच्या डोक्यातून रक्त उडालं आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याचा पुढचा भाग लाल झाला. त्यानंतर जत्राच फुटली. मांडवांचे बांबू उपटले गेले. भजीवाल्याची कढई उलटली आणि उकळत्या तेलात एकाचा पाय गेला. तो ज्या आवाजात ओरडला, तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. बांगडीवाल्याच्या काचांवरून लोक अनवाणी पळत होते. ज्यांनी सकाळी एका पंगतीत प्रसाद खाल्ला, ते एकमेकांच्या बरगड्या मोडत होते. मला त्यांची किळस आली. आजही येते.

पाळणेवाल्याने इंजिन बंद केलं आणि पळाला. आम्ही वरच अडकलो, अगदी टोकाला नाही, त्याच्या जरा खाली. मारामारी सरकत सरकत आमच्या पाळण्याच्या पायाशी आली. आणि तिथे मधुकर आणि सगुण समोरासमोर आले.

सगुणच्या हातात बांबू होता. त्याने मधुकरच्या मांडीवर घातला. मधुकर लंगडत शहाळीवाल्याच्या गाड्यापाशी गेला आणि त्याने कोयता उचलला. सगुण मागे सरताना पाळण्याच्या दोरीत अडकून उताणा पडला. कमलाक्षी जिवाच्या आकांताने ओरडत होती, "सोड त्याका! मधू, सोड!" पण खाली त्या कालव्यात कोण ऐकतो? मधुकरने कोयता डोक्याच्या वर नेला. माझ्या भावाचा चेहरा मी ओळखला नाही.

कमलाक्षी उभी राहिली. पाळणा हेलकावला, मी तिची कंबर धरली. तिने पदरातला ओटीचा नारळ काढला आणि दोन्ही हातांनी खाली फेकला.

तो मधुकरच्या खांद्यावर बसला. कोयता हातातून सुटला. त्याने वर पाहिलं आणि त्याला ती दिसली. त्याचा चेहरा पुन्हा आमच्या मधूचा झाला. भान आलेल्या माणसासारखं त्याने तिच्याकडे बघत हात वर केला. नारळ कुठून आला हे सगुणला कळलंच नव्हतं. त्याला फक्त कोयता पडलेला दिसला. तो उठला आणि त्याने मागून, सगळ्या ताकदीनिशी, मधुकरच्या डोक्यात बांबू घातला.

कोणीतरी हाताने पाळणा फिरवून आम्हाला उतरवलं. तेव्हा सगुण मधुकरचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या कानातून येणारं रक्त तळहाताने आत ढकलत होता. म्हापशाच्या इस्पितळात पोचेपर्यंत मधुकर गेला.

आईने कमलाक्षीला अंगणातच केस धरून आपटली. पोट सांभाळून आपटली, हेही सांगते. "भावासाठी घोवाक खाल्लंस," म्हणाली. गावही तेच म्हणालं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, खालच्या वाड्यावरून न्यायला माणसं आली. तिने त्यांना दगड मारून हाकललं. आमच्याच घरात, रोज शिव्या घालणाऱ्या सासूच्या हातांत, तिने मुलगा जन्माला घातला. साईश. नाळ आईनेच कापली आणि त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या.

कोर्टात कमलाक्षी भावाच्या विरुद्ध उभी राहिली. जे पाहिलं ते सगळं सांगितलं, नारळासकट. वकिलाने नारळाकडे लक्ष दिलं नाही. सगुणला शिक्षा झाली, आणि रडणाऱ्या आपल्या आईला तिथेच सोडून कमलाक्षी माझ्या आईबरोबर बसमध्ये चढली.

पुढे साईशचे कान टोचायची वेळ आली. आमच्यात कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. चुलत मामा होते, मानलेले मामा होते. कमलाक्षी कुणालाच तयार होईना. मुलगा शाळेत जायला लागला तरी कान कोरे. आई खूप बडबडली, मीही बोलले. ती म्हणायची, "त्याका मामा आसा."

सगुण तुरुंगातून सुटला त्या आठवड्यात तिने सोनाराला घरी बोलावलं आणि खालच्या वाड्यावर निरोप धाडला. सगुण आला. केस पिकलेले, खांदे पडलेले. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. कमलाक्षी त्याच्यासमोर गेली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी, तिसरी. त्याचा ओठ फुटला. तो जागचा हलला नाही. आईने मधे पडायला हवं होतं, पण ती खांब धरून उभी होती. मला तर वाटत होतं, अजून मार. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

हात दुखायला लागले तेव्हा ती थांबली. साईशला पुढे ओढून म्हणाली, "हो तुझो मामा. ह्याणे तुझ्या बापाशीक मारलो. बस, ह्याच्या मांडयेर."

पोरगं अंग चोरून बसलं. सगुणने त्याचं डोकं धरलं. सोनाराने तार घातली, तसा साईश किंचाळला आणि त्याने मामाचा हात तोंडात धरून कडकडून चावला. रक्त आलं तरी सोडेना. सगुणने हात मागे घेतला नाही, आणि आमच्यापैकी कुणीही पोराला सोड म्हणालं नाही.