मी म्हणजे तांदूळ

चंद्रपूरच्या मूल रोडवरच्या राइस मिलमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा काळा दाणा वेगळा करणारं मशीन चीनहून नुकतंच आलं होतं. पडद्यावरची सगळी अक्षरं चिनी. मालकांनी फोनवर भाषांतर केलं, तर निघालं, ‘वाऱ्याचा राग वाढवा.’ आम्ही पोट धरून हसलो. मग म्हटलं, आपणच शिकून पाहू.

चंद्रपुरात चिनीची शिकवणी कुठून मिळणार? फोनवरचे धडे विमानतळ, हॉटेल असलंच शिकवत होते. ते सोडून मी पडद्यावरचे शब्द धरले. हवा, दाणा, वेग, थांबा. काय शिकायचं ते मीच ठरवत होते, त्यामुळे कंटाळा कसा तो आला नाही.

पुढे दाणे नीट निवडले जाईनात, म्हणून कंपनीच्या तंत्रज्ञ बाईंना व्हिडिओ कॉल लावला. मी ऐटीत चिनीत सांगितलं, “आमचा तांदूळ साफ होत नाही.” बाई गोंधळल्या. मग हसू दाबत त्यांनी कॅमेऱ्यासमोर मधाची बाटली धरली. तांदूळही ‘मी’ आणि मधही ‘मी’च, फरक फक्त सुराचा! मधाचा सूर वरून खाली आपटतो, तांदळाचा खाली जाऊन वर येतो.

“काऊन हसून राह्यली ते बाई?” मालकांनी विचारलं.

“भाऊ, मी तिले म्हटलं, आमचा मध साफ होत नाई.”

त्या दिवशी दाणे दाखवून काम भागवलं.

घरी येऊन कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. चूक एकाच शब्दाची नव्हती. मी प्रत्येक शब्द शेवटी आपटत होते, जणू कुणाला दटावतेय. आधी लाज वाटली, मग गंमत. रोज संध्याकाळी एकच वाक्य बोलायचं, ऐकायचं, पुन्हा बोलायचं. आई अंगणात तांदूळ पाखडत असायची. तिचं सूप खाली जाऊन अलगद वर यायचं. एकदा मी आवाज तसाच नेऊन पाहिला. जमला!

पुढच्या बिघाडाला दाणे दाखवावे लागले नाहीत. मी सांगितलं, बाईंनी हवेचा दाब बदलायला लावला, आणि दुपारपर्यंत पांढराशुभ्र तांदूळ पडू लागला.

आता आम्ही अधूनमधून नुसत्या गप्पाही मारतो. एकदा मी घरून बोलत होते, तर आई मागून म्हणाली, “तिले विचार, जेवण झालं का?” मी विचारलं. बाई खूश झाल्या. त्यांच्याकडेही भेटल्यावर हेच विचारतात म्हणे. त्यांनी भाताची वाटी उचलून दाखवली. आईने जवळ येऊन निरखलं.

“एवढासाच? तिले म्हण, अजून घे.”

‘अजून घे’ मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं तेच शिकले.