जुन्या सिस्टीममधली पत्रे

महाडच्या एसटी डेपोमागे एका गृहस्थांचे संगणकदुरुस्तीचे दुकान होते. त्यांचे गाव पोलादपूरकडचे कापडे. यंत्राला हात लावण्यापूर्वी ते चपला दाराबाहेर काढीत, आणि यंत्र सुरू होईपर्यंत त्याच्याशी गाईशी बोलावे तसे बोलत, "ऊठ गो, किती निजशील?"

माझ्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम मीच पुन्हा घातली आणि ईमेलने आलेली, संगणकातच साठवलेली मुलाची दोन वर्षांची पत्रे नाहीशी झाली. त्याच्या लग्नावरून मी अबोला धरला होता. पत्रे वाचत असे. उत्तर एकालाही दिले नव्हते. आता द्यावेसे वाटले, तर त्याचा ईमेलचा पत्ताही त्या पत्रांबरोबरच गेलेला. संगणक उचलून मी त्यांच्या दुकानात नेला.

"आधी डिस्क पुसलीत काय, सर?"

"नाही. तशीच वरून घातली."

"मग हायत. छप्पर नवं घातलंत, माळ्यावरचं सामान तिथंच हाय."

तासाभरात जुन्या फोल्डरातून पत्रे परत आली. पडद्यावर मुलाचे नाव ओळीने उमटू लागताच त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"तुमीच बघा. मी कुणाचं वाचत नाय."

"सगळी आहेत," मी म्हणालो.

"एकाला उत्तर धाडून बघा. जातंय का ते कळंल."

"काय लिहू?"

"लोक नुसतं 'टेस्ट' लिहितात."

मी लिहिले, "बाळा, चूक माझी होती." पुढे बोटे चालेनात. बराच वेळ कळफलकाचा आवाज आला नाही, तरी त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

"सावकाश लिहा, सर," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. "लाइन चालू हाय."