थाइमची खुडणी

मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केली आहे आणि माझ्या हातून कुंडीतलं थाइम आजवर दोनदा मेलं आहे.

थाइम म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं एक सुगंधी झुडूप. पान एवढंसं, की मुंगीनं पांघरायला घेतलं तर पाय उघडे पडतील! पण वास अख्ख्या घराला पुरेल इतका. बेळगावच्या एका नर्सरीत त्याचं रोप दिसलं आणि मी ते मांडीवर घेऊन बसनं निपाणीला आलो. (कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं नाही, एवढंच!)

दारातच आई उभी.

"काय आणलंस रं?"

"थाइम."

"किती वाजलं इचारलं न्हाय मी. आणलंस काय?"

आमची आई उमेदीत तंबाखूच्या रानात मजुरीला जायची, पुढं पंचवीस वर्षं वखारीत. पान नुसतं चुरगाळून ते कुठल्या शिवारातलं हे सांगायची. त्याच मजुरीवर तिनं मला शिकवलं. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा तिनं गल्लीभर पेढे वाटले. "माझा ल्योक डाक्टर झाला. झाडांचा!" (पुढचे सहा महिने लोक मला वाळकी तुळस दाखवायला आणत होते.)

तिनं थाइमचं पान चिमटीत चुरगाळलं, हुंगलं आणि निकाल दिला. "ओवा हाय ह्यो."

"आई, वास सारखा आहे, पण कूळ वेगळं."

"कुळाचं काय घिऊन बसलास मिलिंदा? वास येतोय न्हवं?"

मी पीएच.डी. बाजूला ठेवून कुंडी शोधायला लागलो.

थाइमला कोरडी, निचऱ्याची जमीन लागते, पाणी बेतानं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण वर्गातलं घरी आणायचं नाही, असा माझा शिरस्ता! सकाळी मी नियमानं पाणी घालायचो. बँकेत जाता जाता माझी बायको सुजाता घालायची, कारण मी विसरलो असेन अशी तिची खात्री. संध्याकाळी मी पुन्हा घालायचो, प्रेमानं. पहिलं रोप पंधरा दिवसांत कुजलं. दुसरं बारा दिवसांत. तिसरं आणलं तेव्हा आईनं कुंडी उचलली, मातीत मुरूम कालवला, गच्चीवर भर उन्हात ठेवली आणि जाहीर केलं, "तांब्या घिऊन कोण वर आलं तर बघा!"

तीन महिन्यांत ते रोप असं माजलं, की कुंडीबाहेर लोंबायला लागलं. मग मी स्टाफरूममध्ये सांगायला सुरुवात केली. "भूमध्य समुद्राकाठची वनस्पती! निपाणीच्या हवेत! मी जगवली!" (खोटा एकच शब्द होता. तो कोणता, ते वाचकांनी ओळखलं असेलच.)

त्यातच कॉलेजात सुगंधी वनस्पतींची बाग करायचं ठरत होतं आणि ती कुणाच्या हाती द्यायची, हे आमचे विभागप्रमुख बसवराज सर ठरवणार होते. सर मूळचे धारवाडकडचे, घरी कन्नड, पण मराठी फर्डी. मी सरांसकट विभागातल्या पाचही जणांना रविवारी जेवायला बोलावलं. बेत काय? थाइमचं सूप!

रविवारी सकाळी कात्री घेऊन गच्चीवर गेलो. कुंडीत थाइम नव्हतं. चार चार बोटांची खुंटं होती!

"आई!"

"वरडतोस कशाला? खुडणी केली."

"कसली खुडणी?"

"तीन म्हैनं झालं, पान मुंगीएवढं त्ये मुंगीएवढंच! शेंडं खुडल्याबिगार पान मोठं हुतंय व्हय? तंबाकूचं असंच अस्तंय."

"अगं, हे पान मोठं होतच नसतं!"

"मग असलं आणलंसच कशाला?"

"खुडलेलं कुठाय?"

"निम्मं शालनआक्काला दिलं. चार दिस झालं खोकतीया."

शालनआक्का म्हणजे आईची वखारीतली मैत्रीण, आता शेजारीण. मी अनवाणीच पळालो. ती उंबऱ्यात बसून रिकामा कप न्याहाळत होती.

"आक्का, आईनं दिलेला पाला कुठाय?"

"उकळून प्याले की रं! लई झाक वाटतंय छातीत. डाक्टरच्या घरचं औषिद, गुण येनारच!"

गाळणीत माझं सूप चिकटलं होतं. (क्षणभर मोह झाला. खोटं कशाला बोलू!)

परत आलो तर उरलेलं निम्मं आईनं भज्याच्या पिठात कालवलेलं.

"सुपात ओवा घालू," सुजाता म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"बॉटनीचे पाच प्राध्यापक येताहेत गं!"

पाचही आले. सूप वाढलं. ते निव्वळ टोमॅटोचं होतं. सरांनी चमचा नाकाशी नेला, तोंडात घातला, परत नाकाशी नेला. "मिलिंद, थाइम कुठंय?"

"सर, त्याचा सुगंध... फार सूक्ष्म असतो..."

एवढ्यात स्वयंपाकघरातून सूक्ष्म नसलेला सुगंध आला! मागोमाग आई, हातात भज्यांची परात. सरांनी एक भजं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "भाळ चलो ऐतरी!" मग त्यांनी तेच कौतुक मराठीत करायला तोंड उघडलं, पण त्यात दुसरं भजं गेलं. आठवं संपल्यावर विचारलं, "कांदाभज्यांत थाइम! आणि एवढं थाइम नेमकं वाढवलं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझ्या ल्योकानं. डाक्टर हाय न्हवं त्यो!"

पिठानं माखलेले हात, कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की पदवीदान समारंभ पुन्हा चालू आहे. पाचही प्राध्यापक माझ्याकडं बघायला लागले. नुसतं मान हलवायचं काम होतं. पण मी उठून आईच्या हातातली परात घेतली. (भज्यांसाठी नव्हे.)

"सर, दोन रोपं मी मारली," मी म्हणालो. "हे आईनं जगवलं. आज खुडलंही तिनंच."

सरांनी बशी खाली ठेवली. "आई, वर जाऊन बघू या का?"

पुढं आई आणि जिन्यावर मागं रांगेनं पाच प्राध्यापक! आईनं मुरूम दाखवला, ऊन दाखवलं, खुंटं दाखवली. "शेंडा खुडला की बाजूनं फुटतंय. पर हिरवं तेवढंच घ्यायचं, खालच्या लाकडाला हात लावायचा न्हाय." सरांनी खिशातून वही काढून हे लिहून घेतलं. माझं व्याख्यान ऐकताना सरांनी आजवर पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं नाही.

तीन आठवड्यांत ती खुंटं अशी फुटली, की कुंडीत पालथी बांबूची बुट्टी ठेवल्यागत झुडूप झालं. खुडलेल्या कोवळ्या फांद्या आईनं दुसऱ्या कुंड्यांत टोचल्या. आज गच्चीवर नऊ कुंड्या आहेत आणि गल्लीत कुणी खोकलं, की थेट आमची बेल वाजते.

कॉलेजची बाग सरांनी माझ्या हाती दिली. एका अटीवर: पहिला तास आईनं घ्यायचा. आई नवी साडी नेसून आली. भोवती पन्नास मुलं-मुली, मधे ती, आणि शेजारी कुंडी धरून मी. ज्या बाईनं शाळेची पायरी कधी चढली नाही, ती कॉलेजात अर्धा तास बोलली. कागद नाही, अडखळणं नाही, आणि मुलांपैकी एकानंही जांभई दिली नाही! माझी छाती इतकी फुगली, की कुंडी धरायला हात पुरेनात.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी हळूच माझ्याजवळ आली.

"सर, उद्याचा तास कोण घेणार? आजी, का तुम्ही?"

"मीच."

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि मला धीर देत म्हणाली, "असू दे, सर."