पाण्याकडंची काठी

मी तोंडाची फटकळ आहे, गावात कुणालाही विचारा. मनात आलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही. तरी एक गोष्ट मी दोन वर्षं बोलले नाही, आणि ती ज्यांना सांगायची ते माझे वडील, आप्पा, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात.

आमचं गाव सदलग्याच्या बाजूला, दूधगंगेच्या काठावर. माहेरचं घर उतारावर, नदीकडून तिसरं. पावसाळ्यात दारापर्यंत पाणी येणार याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही. आधी धरणातनं पाणी सोडल्याची बातमी येते, मग पंचायतीची रिक्षा कानडीत आणि मराठीत ओरडत फिरते, आणि मग दुसऱ्या दिवशी कुठं पाणी नदीकाठच्या मळीतल्या उसात शिरतं. तेव्हा आप्पा शेवरीची एक काठी घेऊन जायचे आणि पाण्याच्या अगदी कडेला, कोरड्या मातीत रोवायचे. घरी येऊन चहा टाकायला सांगायचे. चहा पिऊन झाला की मला आणि माझ्या धाकट्या भावाला पिटाळायचे, "काठी बघून या जावा."

काठीचं बूड भिजलं असेल तर पाणी चढतंय. मग म्हशी सोडायच्या, धान्याची पोती माळ्यावर टाकायची आणि वरच्या शाळेत जाऊन बसायचं. काठी कोरडी आणि पाणी मागं सरकलेलं असेल तर निवांत. भाऊ धावत पुढं जायचा आणि लांबनंच ओरडायचा, "उतरलं, आक्काऽ!" शाळेत झोपायला मिळणार नाही म्हणून त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. "आपली नदी सांगून येती," आप्पा म्हणायचे. काठीनं आम्हाला एकदाही फसवलं नाही.

हाच भाऊ पुढं ओमानला ड्रायव्हर म्हणून गेला. आई गेल्यापासून त्याचं सगळं माझ्याकडंच. भात करपला तरी फोन, शर्टाचा रंग गेला तरी फोन. पिकअपमधून पिण्याच्या पाण्याचे कॅन डोंगरातल्या वस्त्यांवर पोचवायचं त्याचं काम. "आक्का, हितं मी गावाला पाणी पाजतोय," म्हणायचा. मी म्हणायची, "हितं हुतास तवा एक घागर उचलली न्हाईस कधी, मोठा आलाय पाणी पाजणारा!" तो खदाखदा हसायचा. त्या हसण्यासाठीच मी त्याला बोलायची, दुसरं काय.

त्या दिवशी दुपारी मी शेंगा फोडत बसले होते. त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आक्का, बघ बघ! वाळवंटाला पूर आलाय!"

फोनमध्ये तांबडी वाट, दोन्ही बाजूला बोडके डोंगर, आणि मधोमध रस्त्यावरनं गढूळ पाणी चाललेलं. डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला तिकडं वादी म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलेलं. पाणी घोट्याच्या वर असेल-नसेल. त्याच्या डोक्यावर लख्ख ऊन. लांब डोंगरावर मात्र काळं दिसत होतं. दोन-चार गाड्या थांबलेल्या.

"पलीकडं वस्तीवर कॅन द्यायचेत. थांबू का जाऊ?"

मी वैतागून म्हणाले, "मला काय इचारतोस? आप्पांनी काय शिकवलंय? काठी लाव की!"

"हितं काठी कुठली, दगुड हाईत नुसतं." मग त्यालाच सुचलं. गाडीतला जॅकचा दांडा काढला आणि पाण्याच्या कडेला खुपसला. फोन तसाच चालू ठेवला. मी म्हणाले, "आता चहा हुईस्तर थांब." आणि खरंच उठून गॅसवर चहा ठेवला. आम्हाला गंमत वाटत होती. तो तिकडं दांड्याकडं बघतोय, मी इकडं पातेल्याकडं. चहाला उकळी आली, मी गाळला, एक घोट घेतला. "बघ जा," म्हणाले.

"उतरलं, आक्का! चांगलं चार बोटं उतरलं!"

"मग जा की. बसलाय बडबडत."

हेच माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. फोन ठेवून मी राहिलेल्या शेंगा फोडल्या.

नवव्या दिवशी त्याला आणलं. गोव्याला विमान उतरलं, तिथनं गाडी खानापूर, बेळगावमार्गे गावात आली. बरोबर खानापूरचा एक माणूस होता, त्याच्याच खोलीत राहणारा. सगळं आटोपल्यावर निघताना त्यानं मला दारात बाजूला घेतलं.

"आक्का, मी मागच्या गाडीत हुतो. तिथला एक म्हातारा सगळ्यांना सांगत हुता, वादीत थोडं जरी पाणी दिसलं तरी वर चढून बसा, उतरलं तरी भुलू नका. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि त्याचा लोंढा मागनं येतो, एकदम. आम्ही थांबलो. ह्यो म्हणाला, मी नदीकाठचा हाय, मला पाणी कळतंय. आणि गाडी घातली; मधोमध हुता तवाच लोंढा आला." मग हळूच विचारलं, "फोनवर तुमीच हुता न्हवं?"

मी मान हलवली. त्यानं हात जोडले आणि गाडीत बसला. भला माणूस. आप्पांना त्यानं काही सांगितलं नव्हतं.

पुढं दोन वर्षं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत राहिले. "एवढं शिकवलं हुतं पोराला. काठी लावायचं इसरला बघा. तेवढी काठी लावली असती तर आज असता." दरवेळी मी उठून आत जायची. उगाच भांडी घासायची. माझ्या चुकीसाठी मेलेल्या पोराला बोल लागत होता, आणि मी, गावभर भांडणारी बाई, मूग गिळून गप्प. लाज वाटायची स्वतःची. पण आप्पा माझ्याकडं कसे बघतील, या भीतीनं जीभ उचलायची नाही.

यंदा पाणी आलं तेव्हा आप्पांचे गुडघे गेलेले. तरी माझा खांदा धरून उतारावरनं खाली आले. काठी माझ्या हातात दिली. "लाव. त्यो इसरला, तू तरी इसरू नकोस."

पाणी उसाच्या पहिल्या सऱ्यांत होतं. मी वाकले, काठी मातीला टेकवली आणि मला ती खाली दाबता येईना.

"आप्पा, त्यो इसरला नव्हता. त्यानं लावलती."

"काय?"

"जॅकचा दांडा लावलता. चहा हुईस्तर थांबलाबी. मीच फोनवर हुते. मीच काठी लाव म्हटलं, आणि उतरलंय तर जा, असंबी मीच म्हटलं."

मला वाटलं, आता ते तोंडही बघणार नाहीत माझं. पण त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हंजे इसरला नव्हता माझा पोरगा!" म्हणाले. मग पाण्याकडं बघत उभे राहिले. हळूहळू तो उजेड गेला.

"आणि शिकवलं कुणी हुतं गं त्याला?" आप्पा म्हणाले.

मी "आप्पा, तसं न्हाय" म्हणत राहिले. त्यांनी माझ्या हातातनं काठी काढून घेतली. रोवली नाही. तिच्यावर भार देऊन वळले आणि एक-एक पाऊल टाकत चढ चढायला लागले.

"चल," मागं न बघता म्हणाले. "म्हशी सोड."

पाणी अजून घरापासून लांब, उसातच होतं.