बाबांच्या खाटेची जागा

आमच्या घरी खर्च रुपयांत मोजला जात नसे. सिनेमा म्हणजे अर्धं पोतं सिमेंट, बरीशी साडी म्हणजे एक खिडकी, आणि मी साताऱ्याला माहेरी जाऊन येणं म्हणजे स्वयंपाकघराचं दार. ही भाषा आमच्या ह्यांची. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दूर कानडी मुलखात, चामराजपेटेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. बनशंकरीच्या पलीकडे, जिथून बस वळून परत फिरायची, तिथं आमची साइट होती, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचा मोकळा तुकडा.

मला त्या भाषेचा आधी राग यायचा. मग कधी मीच ती बोलायला लागले, कळलंही नाही. शेजारच्या अक्कांनी कौतुकानं नवा मिक्सर दाखवला, तेव्हा मला त्यांच्या दोन खिडक्या गेलेल्या दिसल्या.

लागोपाठ तीन दिवाळ्या मी माहेरी गेले नाही. शेवटी बाबाच आले. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून एकटे. आमच्या खोल्यांत त्यांना धड पाय पसरता येईनात, म्हणून रविवारी डबा घेऊन आम्ही त्यांना साइटवर नेलं. ह्यांनी मोठ्या हौसेनं जमिनीवर फक्कीनं खोल्या आखून ठेवल्या होत्या. बाबा सरळ एका रेघेवरून आत आले.

"बाबा, ती भिंत आहे. दारातून या ना," मी म्हटलं.

ते मागे फिरले, रेघ जिथं तुटली होती तिथून चपला काढून आत आले. आम्ही स्वयंपाकघरात बसून दहीभात खाल्ला. मग बाबा उठले, उन्हाचा अंदाज घेत मागच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. "सकाळचं ऊन इथं येणार. माझी खाट इथं टाक, पोरी. मग येईन तो राहायलाच."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

घर उभं राहायला पुढं चार वर्षं लागली. भिंती छातीएवढ्या आल्या तेव्हा मिस्त्री म्हणाला, मागच्या खोलीला बाहेरून एक दार ठेवा, भाडेकरू ठेवता येईल. मी ह्यांच्याशी भांडले असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण "ठेवा दार. भाड्यातून गच्चीच्या पायऱ्या होतील," असं म्हणाले ती मी.

"आणि बाबा?" ह्यांनी विचारलं.

"दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मग खोली त्यांचीच."

वास्तुशांतीला बाबा आले, तोवर त्या खोलीत भाडेकरूचं सामान लागलं होतं. ते हॉलमध्ये सतरंजीवर झोपले. घर त्यांनी फिरून पाहिलं, कड्या लावून पाहिल्या, फरशीचं कौतुक केलं. मागच्या खोलीच्या, आमच्या बाजूनं कुलूप घातलेल्या आतल्या दारापाशी मात्र क्षणभर थांबले. मी काय ते सांगून टाकलं. "दोन वर्षं काय गं, बघता बघता जातील," असं म्हणून त्यांनीच माझी समजूत काढली. तिसऱ्या दिवशी परत गेले.

पुढच्या वर्षी बाबा गेले. तेव्हा मी साताऱ्याला गेले, आणि त्या फेरीला काय खर्च आला हे घरात कुणी बोललं नाही.

गच्चीच्या पायऱ्या छान झाल्या आहेत. भाडेकरू गेल्यावर आम्ही दुसरा ठेवला नाही. एके दिवशी हे न सांगता एक खाट घेऊन आले आणि मागच्या कोपऱ्यात टाकली. केवढ्याला पडली ते मी विचारलं नाही.

मला बाबा हवे आहेत. या घरात, दोन दिवसांसाठी तरी. सकाळी मी चहा घेऊन त्या खोलीत जाते आणि खाली फरशीवर बसते. सातच्या सुमाराला ऊन आत येतं आणि बरोबर खाटेवर पडतं.